आधी वस्तीत वाचायचं

आमच्या विभागानं कचरावेचक बायकांबरोबर केलेल्या संशोधनातला बराच मोठा भाग कुठंच छापलेला नाही. तक्ते तयार आहेत, नकाशे तयार आहेत, मुलाखती उतरवून काढलेल्या आहेत. ज्यांच्याबद्दल ते सगळं आहे त्यांनी एकत्र बसून ठरवलं, की हे बाहेर जायला नको, आणि आम्ही ते मानलं. लोकांकडे माहिती विचारायला विद्यापीठातून पुष्कळजण जातात. ती आपल्या वहीत उतरल्यावरही तिच्यावर लोकांचा ताबा राहतो का, हे मात्र फार थोडे विचारतात. इतकी वर्षं या कामात काढल्यावर मला हाच प्रश्न सगळ्यांत मोठा वाटतो, म्हणून हे लिहिते आहे.

काम पुण्यातलं. वस्तीचं नाव लिहीत नाही, तसं बायकांशी ठरलेलं आहे. त्यांच्यापैकी बऱ्याचजणींची मुळं मराठवाड्यात. १९७२च्या दुष्काळात आईवडील किंवा सासूसासरे पोट घेऊन इकडं आले. गावाकडं शेतमजुरी करणाऱ्या, बहुतांशी दलित समाजातल्या या कुटुंबांतल्या बायकांना शहरात भांडवलाशिवाय आणि कुणाच्या शिफारशीशिवाय मिळालेलं काम म्हणजे कचरा वेचणं. पहाटे पोतं घेऊन निघायचं, कुंड्या फिरायच्या, दुपारी कुठंतरी सावली बघून माल निवडायचा. पुठ्ठा वेगळा, पांढरा कागद वेगळा, कडक प्लास्टिक, दुधाच्या पिशव्या, पत्रा, काच. मग भंगाराच्या दुकानात वजन आणि हातात पैसे.

पुण्यात या कामाशी विद्यापीठाचं नातं माझ्या आधीच जुळलेलं होतं. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागातल्या मंडळींनी साक्षरतेच्या निमित्तानं वेचकांमध्ये जायला सुरुवात केली, आणि १९९३ साली बाबा आढावांच्या साथीनं झालेल्या मेळाव्यातून 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. पुढं २००१ साली याच मंडळींनी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी पुण्यातल्या वेचकांचा, भंगार व्यापाऱ्यांचा आणि पुनर्वापर उद्योगांचा अभ्यास केला. वेचकांनी माल उचलल्यामुळं महापालिकेचा वाहतुकीचा खर्च किती वाचतो, याचा हिशेब त्यात मांडला होता. तो हिशेब हातात घेऊन संघटना पालिकेशी बोलली, आणि २००२-०३ पासून नोंदणीकृत वेचकांच्या वैद्यकीय विम्याचा हप्ता पालिका भरू लागली. २००८ साली वेचकांच्याच मालकीच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनं पालिकेशी करार करून घरोघरी जाऊन कचरा गोळा करायला सुरुवात केली. मी दुसऱ्या विद्यापीठातली, वयानंही त्या मंडळींहून लहान. पण त्या अभ्यासाकडं बघताना मला नेहमी वाटतं, की त्यातला प्रश्न ज्यांच्या कामाचा होता त्यांनाच उत्तर वापरता आलं. हे सहसा घडत नाही.

आमचा स्वतःचा पहिला प्रस्ताव आरोग्याचा होता. कंबरदुखी, काचेच्या जखमा, खोकला, धनुर्वाताची इंजेक्शनं घेतली की नाही. अनुदान मंजूर झालं होतं, प्रश्नावली छापून आली होती. वस्तीतल्या पहिल्याच बैठकीत मागं भिंतीला टेकून बसलेली एक आजी म्हणाली, "कंबर दुखती ते आमाला म्हाईत हाय. तुमी लिवल्यावर ती बरी व्हनार हाय व्हय? त्यापरीस काट्याचं बगा."

काटा म्हणजे दुकानदाराचा वजनकाटा. दिवसभराची सगळी मेहनत त्या एका आकड्यावर येऊन थांबते, आणि तो आकडा दुकानदाराला दिसतो, बाईला दिसत नाही. कुठं काट्याचं तोंड दुकानदाराकडं वळवलेलं, कुठं पोत्याचा कोपरा भिंतीला टेकलेला. पावसाळ्यात 'माल ओला आहे' म्हणून वर आणखी कापायचं. एकीनं बोलायला सुरुवात केल्यावर सगळ्याच बोलायला लागल्या. आम्ही अनुदान देणाऱ्या संस्थेला पत्र लिहिलं, विषय बदलण्याची परवानगी मागितली आणि ती मिळायला लागणारे महिने वाट बघितली. त्या काळात वस्तीत जाणं चालूच ठेवलं. हातात प्रश्नावली नसताना तिथं जाऊन बसणं मला फार उपयोगी पडलं. कोण कोणाची नणंद, कोणत्या कुंडीवर कुणाचा हक्क, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, हे सगळं तेव्हा कळलं. त्याशिवाय पुढचं काम उभंच राहिलं नसतं.

काटा तपासायचा कसा, यावर मोठी चर्चा झाली. आमच्या एका विद्यार्थ्यानं सुचवलं, की आधीच वजन केलेली पोती बायकांच्या हाती द्यावीत आणि दुकानदाराला न सांगता त्याची परीक्षा घ्यावी. पद्धत म्हणून ती चोख होती. विद्यापीठाच्या नीती समितीनं विचारलं, दुकानदाराची संमती कुठं आहे? तोही या अभ्यासातला माणूसच ना? मला वाटलं होतं बायका या हरकतीवर चिडतील. पण एकजण म्हणाली, "समितीचं बराबर हाय. रातच्याला पोराला ताप आला तर पैसं त्योच देतो. त्याला फशिवलं असं नगं व्हायला." भंगारवाला त्यांचा सावकारही असतो, उचल देतो, अडीअडचणीला उभा राहतो, आणि काटाही मारतो. हे सगळं एकाच माणसात असतं, आणि बायका रोज ते गृहीत धरूनच वागतात. मग त्यांनीच मार्ग काढला. आपला माल आपण घरी तोलायचा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. प्रकल्पाच्या पैशांतून वस्तीसाठी काटा घेतला, वैधमापन विभागाकडून त्याची पडताळणी करून घेतली, आणि दुकानात जायच्या आधी प्रत्येकजण पोतं त्यावर ठेवू लागली. दुकानात सांगितलेलं वजन घरी येऊन नोंदवायचं.

नोंदवायचं कसं, हाही प्रश्न होताच. वहीत आकडे लिहिणाऱ्या दोघी-चौघीच होत्या. शेवटी बाटल्यांच्या झाकणांवर काम भागलं. प्रत्येकीच्या नावाची एक प्लास्टिकची बरणी. पोत्यामागं जेवढे पाव किलो कमी भरले तेवढी झाकणं बरणीत. आठवड्याच्या शेवटी सगळ्या बरण्या समाजमंदिराच्या फरशीवर रिकाम्या केल्या, तेव्हा काहींच्या पुढ्यात चार-दोन झाकणं होती आणि काहींच्या पुढ्यात ढीग. एकाच दुकानात जाणाऱ्या बायकांचे ढीग साधारण सारखे निघाले. संख्याशास्त्राच्या भाषेत त्याला काय म्हणतात ते मी विद्यार्थ्यांना शिकवते. तिथं ते सांगायची गरज पडली नाही. झाकणं मोजायच्या आधीच बायका दुकानवार गटागटानं सरकून बसल्या होत्या. पावसाळ्यातली कपात सगळीच खोटी नव्हती, ओला पुठ्ठा खरोखरच जड भरतो, हेही त्यांनीच लावून धरलं आणि त्या आठवड्यांच्या नोंदी वेगळ्या ठेवायला लावल्या.

इथून पुढं तो नियम सुरू झाला, ज्याला आम्ही आता 'आधी वस्तीत वाचायचं' असं म्हणतो. अहवालाचा मसुदा कुठंही पाठवायच्या आधी वस्तीत मोठ्यानं वाचायचा. संध्याकाळी चुली आटोपल्यावर, मराठीत, पान न गाळता. ऐकणारीनं हात वर केला की वाचणाऱ्यानं थांबायचं. ही कल्पना आमची आहे असा माझा दावा नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा त्यातला मजकूर जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणच्या लोकांना वाचून दाखवला होता. लोकसहभागी संशोधनाचा इतिहास शिकवताना आम्ही कोलंबियातल्या कार्ताहेनाची १९७७ची परिषद सांगतो, समाजशास्त्रज्ञ ओर्लांदो फाल्स बोर्दा यांचं नाव घेतो, आपल्याकडच्या पालघरच्या आदिवासींच्या भूमिसेनेचा अभ्यास सांगतो. ते सांगायलाच हवं. पण मराठी विद्यार्थ्याला ही वाट आपल्या घराजवळून गेलेली आहे हेही कळावं, असं मला वाटतं.

वाचनाच्या दुसऱ्या की तिसऱ्या संध्याकाळी उत्पन्नाचा तक्ता आला आणि सात-आठ हात एकदम वर झाले. रोजची कमाई आम्ही काळजीपूर्वक काढली होती, सणासुदीची वेगळी, पावसाळ्याची वेगळी. अडचण अशी होती, की पिवळ्या शिधापत्रिकेला वर्षाचं उत्पन्न पंधरा हजारांच्या आत दाखवावं लागतं. शहरात राहून एवढ्यात कुणाचं भागतं? तो आकडा किती जुना आहे हे रेशन कार्यालयालाही ठाऊक आहे. पण विद्यापीठाचा शिक्का असलेला कागद उद्या कुणी पुढं केला तर वस्तीचं धान्य बंद होऊ शकतं, ही भीती खरी होती. एकीनं सुचवलं, आकडा कमी करून टाका. मी नाही म्हटलं. खोटा आकडा मी लिहिणार नाही, पण खरा आकडा छापलाच पाहिजे असंही नाही. बराच वेळ बोलणं चाललं आणि तक्ता काढून टाकायचं ठरलं. त्या जागी एवढंच लिहिलं, की उत्पन्नाची माहिती घेतली होती, सहभागी व्यक्तींच्या निर्णयानुसार ती दिलेली नाही.

त्या एका वाक्याची किंमत आम्ही मोजली. ज्या नियतकालिकाकडं लेख गेला होता तिथल्या परीक्षकांनी तक्ता मागितला, मूळ नोंदी त्यांच्या संग्रहात ठेवायला सांगितल्या. आम्ही नकार दिला, लेख परत आला, पुढं तो लहान नियतकालिकात आला. माझं वय आणि पद असं होतं, की मला त्याचा फार फरक पडला नाही. पण माझ्याबरोबरच्या तरुण सहकाऱ्याची बढती गुणांकनावर अडलेली होती, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या गुणांकनात न छापलेल्या तक्त्याला गुण नसतात. तिनं तक्रार केली नाही. मी मात्र तिच्या वतीनं करते. संशोधनात नीती पाळा असं विद्यापीठं सांगतात, आणि ती पाळल्यानं ज्याचं नुकसान होतं त्याला सांभाळून घेण्याची कसलीही सोय करत नाहीत. मूल्यमापन समितीत बसते तेव्हा मी दरवेळी हा मुद्दा मांडते. अलीकडं दोनदा तो इतिवृत्तात नोंदला गेला आहे, हे समाधान.

सगळ्यात अवघड वाद मुलांवरून झाला. पीएचडी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या प्रबंधात, सुट्टीच्या दिवशी काही मुलं आईबरोबर वेचायला जातात, असं एक प्रकरण होतं. बायका म्हणाल्या, हे गाळा. पोलीस येतील, मुलं उचलून नेतील, शाळेत नाचक्की होईल. उत्पन्नाच्या तक्त्यासारखं इथं 'बरं' म्हणून मोकळं होता येत नव्हतं, कारण ज्यांच्याबद्दल ते लिहिलं होतं ती मुलं बैठकीत बोलत नव्हती. त्यांच्या आया बोलत होत्या. विद्यार्थिनीनं हे तिथंच, त्यांच्यासमोर, शांतपणे सांगितलं. वातावरण तापलं. एका बाईनं तिला निघून जायला सांगितलं. ती गेली नाही, खाली मान घालून बसून राहिली. मग एक तरुण बाई बोलायला लागली. ती स्वतः आठव्या-नवव्या वर्षापासून आईबरोबर वेचायला जायची. हाताला काच लागली तेव्हा आईनं हळद भरली, बाईंनी शाळेत वर्गाबाहेर बसवलं, वगैरे. सगळ्यांना ठाऊक असलेलंच. पण ती म्हणाली, "माझं तवा कुनी लिवलं असतं तर बरं झालं असतं." प्रकरण राहिलं. वस्ती ओळखू येईल असा सगळा तपशील आणि सगळी छायाचित्रं गेली. मुलं का जातात, तर सुट्टीत शाळेतलं जेवण बंद असतं आणि घरी बघायला कुणी नसतं, हे आयांच्या तोंडून त्यात आलं. अस्वच्छ व्यवसायातल्या पालकांच्या मुलांसाठी जी शिष्यवृत्ती असते तिचे अर्ज भरायचं काम त्या वर्षी वस्तीतल्या बायकांनी स्वतःकडं घेतलं. या निर्णयावर माझं मन आजही पूर्ण स्थिर नाही. पण तो निर्णय एकट्या विद्यापीठानं किंवा एकट्या वस्तीनं घेतला असता तर याहून वाईट झाला असता, एवढी माझी खात्री आहे.

नावांचंही असंच. नीती समितीचा आग्रह असतो की सगळी नावं बदला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं असोत, की त्याआधी २००० साली मुंबईच्या 'सेहत' संस्थेच्या पुढाकारानं सामाजिक संशोधनासाठी तयार झालेली नीतितत्त्वं, गोपनीयतेवर सगळ्यांचा भर आहे आणि त्याला सबळ कारणं आहेत. पण झाकणांची युक्ती जिनं काढली तिनं मला विचारलं, "डोकं माजं, आन् नाव तुमचं व्हय?" तिचं नाव लेखकांच्या यादीत गेलं, तिच्या मर्जीनं, तिनं सांगितलेल्या आडनावासकट. तिच्या शेजारणीनं मात्र बजावलं, की दिराच्या मुलीचं लग्न जमतंय, मी काय काम करते ते तिकडं कळता कामा नये. तिचा उल्लेख कुठंच नाही. सरसकट नियमानं दोघींपैकी एकीवर अन्याय झाला असता.

मानधनाबद्दल थोडक्यात. ज्या दिवशी बाई आमच्याबरोबर बसते त्या दिवशी तिची फेरी बुडते. तेवढे पैसे तिला मिळालेच पाहिजेत, यात उपकार काही नाही. विद्यापीठाच्या वित्त विभागाचे नियम पदवीधर क्षेत्र-सहायकांसाठी केलेले, त्यात अंगठा लावणारी सह-संशोधक बसेना. पहिली दोन वर्षं बिलं परत येत राहिली. एका समजूतदार वित्त अधिकाऱ्यानं एकदा वस्तीत येऊन बैठक बघितली, आणि पुढच्या अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळं शीर्ष तयार झालं. कागद बदलायला माणसानं एकदा येऊन बघणं पुरलं.

संमतीपत्रावर अंगठा द्यायला मात्र बायका कायम कचरतात. झोपडी हटवताना, कर्ज देताना, कुणी कुणी कशाकशावर अंगठे घेतलेले असतात. आम्ही तोंडी संमती घेतो, वस्तीतल्याच साक्षीदारासमोर, आणि दर टप्प्याला नव्यानं घेतो. हे नव्यानं घेणं आम्हाला एका बाईनं शिकवलं. "येकदा व्हय म्हनलं म्हनून कायमचं व्हय न्हाई," ती म्हणाली.

हे किती खरं आहे ते अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात दिसलं. ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हवासुपाई जमातीच्या लोकांनी १९९० पासून मधुमेहाच्या संशोधनासाठी ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना रक्त दिलं. पुढं त्याच नमुन्यांवर मानसिक आजारांचे, जमातीच्या स्थलांतराचे अभ्यास झाले. लोकांना ते कळलं, त्यांनी २००४ साली दावा लावला, आणि २०१०च्या तडजोडीत विद्यापीठानं सात लाख डॉलर दिले आणि नमुने परत केले. हे मी वस्तीत सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "आपल्या बरन्यांचं काय?" त्यातून एक माहिती समिती झाली. तीन बायका वस्तीतल्या, दोघं आमच्यातले. मुलाखती, फेऱ्यांचे नकाशे, वजनांच्या नोंदी कुणाला द्यायच्या, हे तीच ठरवते. मध्यंतरी एक कंपनी आली होती, कोणत्या भागात कोणतं प्लास्टिक किती निघतं याची माहिती तिला हवी होती. उत्पादकांवर प्लास्टिक परत घेण्याची जबाबदारी आल्यापासून अशा माहितीला बाजारात भाव आला आहे. समितीतल्या बायकांनी त्या अधिकाऱ्यांना बसवून घेतलं, चहा दिला आणि विचारलं, की हे कळल्यावर तुम्ही आमच्याकडून माल घेणार, की आमच्या आधी तुमची गाडी तिथं पोचणार? नीट उत्तर आलं नाही. नकाशे दिले नाहीत.

आता आमच्याकडं एक नवा विद्यार्थी आला आहे. उन्हाळ्यात वाढत चाललेल्या उष्णतेचा वेचकांच्या कामावर काय परिणाम होतो, हा त्याचा विषय. बायकांना विषय पटला, एप्रिल-मेमध्ये चक्कर येऊन पडलेल्या दोघीजणी त्यांच्यातल्याच. अंगावर तापमापक बाळगायलाही त्या तयार आहेत. त्यांची एकच अट आहे. जे कळेल ते त्याच उन्हाळ्यात सांगायचं, म्हणजे फेरीची वेळ बदलता येईल. प्रबंध पुरा होईपर्यंत त्या थांबणार नाहीत. विद्यापीठाच्या नियमानं कच्चे निष्कर्ष मार्गदर्शक समितीसमोर मांडल्याशिवाय बाहेर सांगता येत नाहीत, आणि ती समिती बसते जुलैत. ती मार्चमध्ये आणि पुन्हा मेमध्ये बसावी असा अर्ज आम्ही केला आहे. अर्जावर विद्यार्थ्याची सही आहे, माझी आहे, आणि माहिती समितीतल्या तिघींचीही आहे. दोघींनी या वेळी अंगठा न देता नाव लिहिलं आहे.